दाबाची भिकबाळी

मी भिकबाळी. खरी नव्हे, दाबाची. म्हणजे कानाला भोक नसलं तरी चालतं. कानाच्या वरच्या कडेला चिमट्यासारखं दाबून बसवलं की राजबिंडं रूप तयार. बोलायला मला तोंड नाही, पण जवळजवळ सगळं आयुष्य एका पुरुषाच्या कानाला चिकटून काढलं, त्यामुळे ऐकलं मात्र भरपूर. ऐकलेलं पोटात ठेवायचे माझे दिवस आता गेले. एकदा अंगावरचं पॉलिश उडालं की कुणाची भीड उरत नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहराच्या मागच्या गल्लीत झाला. पितळेची तार, प्लास्टिकचे दोन मोती, मधे लाल काचेचा मणी आणि वरून सोनेरी पाणी. त्याच टेबलावर, त्याच तारेच्या, त्याच मण्यांच्या बायकांच्या नथी बनत होत्या. फरक एवढाच की त्यांना गुलाबी पुठ्ठ्यावर टोचलं आणि मला तपकिरी पुठ्ठ्यावर. माझ्या पुठ्ठ्यावर दाढीवाल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'शाही लूक'. तेवढ्या पुठ्ठ्यानं आमचं नशीब वेगळं झालं. ती नथ बाईनं घातली की तो नखरा. मी पुरुषानं घातली की तो रुबाब. ज्यानं पुठ्ठा छापला त्याला समाज कळला होता, एवढं मी कबूल करते.

तिथून मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात आले. दुकान कसलं, भिंतीला टेकून उभी केलेली एक जाळीची चौकट. त्यावर सगळं पुरुषी सौंदर्य टांगलेलं. बेडीएवढं जाड स्टीलचं कडं, कवटीची अंगठी, चामड्याचा पट्टा, रुद्राक्षाचं ब्रेसलेट, आणि आरशासारख्या काचेचे गॉगल, ज्यांतून घालणाऱ्याला कमी दिसतं पण समोरच्याला स्वतःचा चेहरा दिसतो. शेजारचं कडं जुनं होतं. ते सांगायचं की एका वर्षी सगळ्यांना कडं हवं होतं, पुढच्या वर्षी मण्यांच्या माळा आल्या, मग मनगटावर घड्याळासारखं काहीतरी आलं जे पावलं मोजायचं, आणि पावलं मोजणारे सगळे मोटारसायकलवरून फिरायचे. या वर्षी माझी पाळी होती.

मला घ्यायला आला तो गजेंद्र. राहणार लामता, नोकरी बालाघाटला एका मोबाइलच्या दुकानात, रोज मोटारसायकलनं ये-जा. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायचा होता. चेहरा खरं तर बरा होता पोराचा. डोळे मोठे, कपाळ स्वच्छ, हसला की चांगला दिसायचा. हे त्याला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मला लामत्याचं तोंड पाहावं लागलं नसतं. पण आपल्याकडे मुलाला तू देखणा आहेस असं कुणी सांगत नाही. मग तो ते बाजारातून विकत आणतो.

"भैया, ये लगाओ, फिर देखो," दुकानदार म्हणाला. "लड़की वाले फोटो देख के ही हाँ बोल देंगे."

"गिरेगी तो नहीं?"

"दबा के लगाओ. दर्द होगा, पर गिरेगी नहीं."

सौंदर्यशास्त्रावर इतकं नेमकं भाष्य मी नंतर कधी ऐकलं नाही.

गजेंद्रनं मोटारसायकलच्या आरशात पाहून मला उजव्या कानावर दाबलं, डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं, आणि लगेच फोन काढून स्वतःचे फोटो घेतले. त्यातला एक फोटो, मराठी असल्याचा अभिमान वाटतो अशा अर्थाची ओळ घालून, स्टेटसला लावून दिला. ती ओळ हिंदीत होती.

घरी आल्यावर त्याच्या आईनं, अनुसयाबाईनं, चुलीपुढून मान वर करून पाहिलं.

"हे काय लावलं रे बायकांवानी?"

"आई, ट्रेंड हाय सध्या. तुले नाही समजणार."

बाहेर बाजेवर त्याचे आजोबा बसले होते. नथ्थू आबाजी. ऐंशीच्या पुढचे, काठीसारखे सरळ, उजव्या नाकपुडीवर बुजलेल्या भोकाचा डाग. त्यांनी गजेंद्रच्या कानाकडे कौतुकानं पाहिलं आणि स्वतःचा कान पुढे केला. "माह्या कानात हायेच ना बापा. लय दिवसापासून."

होती खरी. मी पहिल्यांदाच माझ्या जातीची अस्सल बाई पाहिली आणि मला हसू आलं. काळी पडलेली, वाकडी, तांब्याची की कशाची ते कळू नये अशी, ना मोती ना मणी. तारेचा तुकडा कानात अडकून राहिला असावा तशी. गजेंद्रलाही तसंच वाटलं असावं.

"आबाजी, थे वेगळं. थे काही चांगलं दिसत नाही," तो म्हणाला.

आबाजी हसले. हसण्यासारखं काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मी त्या कानावर काढले. बायका आरशासमोर फार वेळ घालवतात असं म्हणणाऱ्या कुणालाही माझ्यासमोर उभं करा. मी शपथेवर साक्ष देईन. दाढीला तेल, केसांना मेण, भुवयांना बोट, मग मी, मग परत दाढी. अनुसयाबाई तेवढ्या वेळात भाकरी करून, भांडी घासून, म्हशीला पाणी दाखवून यायची. मग हा बाहेर येऊन म्हणायचा, आई, उशीर होऊन राह्यला, डबा काहून नाही भरला.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की मित्र जमायचे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक मुलीचा निकाल तिथे लागायचा. ही ठीक, ही सावळी आहे पण नाकीडोळी बरी, हिची उंची कमी. निकाल देणाऱ्यांत एकाचे दात खर्रा खाऊन विटेसारखे झाले होते, एकाचं पोट शर्टाचं बटण मागत होतं आणि एकजण घरातही गॉगल काढत नसे. त्यांच्या बायोडाट्यांत लिहिलेलं असायचं, मुलगी गोरी, सुंदर, सुशील, शिकलेली हवी. स्वतःबद्दल एकच ओळ, घरी शेती, स्वतःची गाडी. मी कानावर बसून हे ऐकायची आणि चिमटा थोडा आणखी आवळायची. तेवढंच माझ्या हातात होतं.

माझ्यासकट काढलेला फोटो बालाघाटला मधुकररावांच्या घरी पोचला. मधुकरराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांचं घर शहरातल्या जुन्या मराठी घरांपैकी एक. मुलगी श्रुतिका, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. मुलगा अनुराग तिच्यापेक्षा धाकटा. त्यांनी पाहायला बोलावलं.

निघायच्या सकाळी गजेंद्र आबाजींसमोर उभा राहिला. शब्द जमवायला त्याला वेळ लागला. शहरातली माणसं आहेत, म्हणाला. नाकाचं भोक तर बुजलंय, पण ते कानातलं पाहून लोक काहीतरी विचारतात. दुपट्टा कानांवरून बांधून घ्या, एवढंच.

आबाजींनी अनुसयाबाईकडे पाहिलं. ती सुनेच्या नात्यानं खाली बघत होती. आबाजींनी दुपट्टा उचलला, कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली आणि विचारलं, "जमलं का?"

"हौ," नातू म्हणाला.

ते दिवस उन्हाळ्याचे होते.

मधुकररावांच्या बैठकीत मला फार मान मिळाला. मुलगी पाहायचा कार्यक्रम होता, पण पाहिलं गेलं ते मला. मधुकररावांनी केसांना कलप केला होता, घाईत लावल्यामुळे कानशिलावर काळा डाग राहिला होता. तो डाग माझ्याकडे बघत म्हणाला, "वा. कान लहानपणीच टोचलेला दिसतो. आजकालची पोरं कुठे असं घालतात? काही घरांतून अजून संस्कार आहेत म्हणायचे."

इथे एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढंच. जगातला सगळ्यात छोटा शब्द. गजेंद्रनं माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो काका. आमच्या आबाजींचीच आहे. पिढीजात."

मी प्लास्टिकच्या दोन मोत्यांसकट शहारले. समोरच्या खुर्चीवर कान बांधून बसलेल्या म्हाताऱ्यानं नातवाकडे पाहिलं. खरी त्यांच्या कानात होती, दुपट्ट्याखाली. त्यांनी चहाचा कप उचलला आणि फुंकर मारली. एवढंच केलं.

श्रुतिका पोहे ठेवायला आली होती. तिनं मला पाहिलंच नाही. तिनं आबाजींना पाहिलं. पंखा चालू, खिडक्या उघड्या, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हा माणूस कान बांधून बसलाय.

"आबाजी, कान दुखतो का?" तिनं विचारलं.

आबाजींनी परत नातवाकडे पाहिलं. उत्तर त्याच्याकडे होतं.

"हो, ठणका लागतो त्यांना," गजेंद्र म्हणाला. "जुनंच आहे."

पहिलं खोटं रुबाबासाठी होतं. दुसरं पहिल्यासाठी. मी त्याच्या कानावर असल्यामुळे मला त्याच्या कानशिलातली नस जाणवत होती. ती उडत होती. पण बैठकीत सगळे खूश होते आणि पोहे चांगले झाले होते.

लग्न ठरलं. तेव्हा श्रुतिका घरी आईला काय म्हणाली ते नंतर अनुरागनं दुकानात येऊन सांगितलं. मुलगा साधा वाटतो, आणि म्हाताऱ्याला बरोबर घेऊन आला होता, ते मला आवडलं. गजेंद्रनं ते ऐकलं आणि नकळत हात माझ्यापर्यंत आणला. हिनं काम केलं, असं त्याला वाटलं. पुरुषाला कुणी त्याच्या माणुसकीसाठी पसंत केलं तरी तो श्रेय दागिन्याला देतो.

त्याच दिवशी अनुरागनं एक छोटी बाटली दिली होती. कानात टाकायचे थेंब. ताईनं दिलेत आबाजींसाठी, सकाळ-संध्याकाळ. मग फोन. कसा आहे कान? कमी झालं का? गजेंद्र म्हणायचा, थोडं थोडं. ती म्हणायची, मग एकदा आणा त्यांना, डॉक्टरला दाखवू. तो म्हणायचा, धानाची कामं आहेत, जमत नाही. उन्हाळ्यात धानाची कसली कामं, हे तिनं विचारलं नाही. शहरातली मुलगी. की विचारायचं टाळलं, कोण जाणे.

आणि आबाजी ते थेंब टाकत होते. रोज. ठणठणीत कानात. बाजेवर आडवे व्हायचे, अनुसयाबाई थेंब सोडायची. ती एकदा म्हणाली, मामंजी, फेकून द्या ना ते, कान तर चांगला हाये तुमचा.

"पोरीनं पाठोलं ना," आबाजी म्हणाले. "वाया कसं जाऊ द्याव."

गजेंद्र दारात उभा होता. त्यानं ऐकलं. त्या दिवशी आरशासमोर त्याला कमी वेळ लागला. दुसऱ्या दिवशी परत तेवढाच लागला.

त्याला सांगायचं होतं, यात शंका नाही. मोटारसायकलवरून येताना तो मोठ्यानं सराव करायचा. श्रुतिका, एक गोष्ट सांगायची होती. वारा ते वाक्य घेऊन जायचा. मग बालाघाट यायचं आणि तो आरशात मला सरळ करायचा. एक दिवस सांगू, लग्नानंतर सांगू, असं करता करता पत्रिका छापून आल्या. आता सांगितलं तर लग्न मोडेल अशी भीती त्याला बसली. मला तर त्याची कीव यायची. जी मुलगी त्याला माझ्यावाचून पसंत करून बसली होती, तिला तो माझ्यासाठी गमवायला निघाला होता.

लग्नाचा मांडव बालाघाटला. पुरुषमंडळींच्या सौंदर्याचा जिल्हास्तरीय मेळावाच. फेटे, ब्रोच, गळ्यात मोत्यांच्या माळा, मनगटावर कडी, छपराखाली गॉगल. माझ्या जातीच्या आठ-दहा तरी बहिणी दिसल्या, सगळ्या दाबाच्या, सगळ्यांचे कान लाल. नवरदेवाच्या एका मित्रानं तर नवरीपेक्षा जास्त वेळ फोटोवाल्याला धरून ठेवला. पहिल्या रांगेत कूलरपासून दूर आबाजी बसले होते. नवं धोतर, नवा सदरा आणि कानांवरून घट्ट बांधलेला दुपट्टा. घामाची रेघ गाठीखालून उतरत होती. सगळं पार पडेपर्यंत सोडू नका, असं त्यांना सकाळी परत एकदा सांगितलेलं.

मंगलाष्टकं झाली, माळा पडल्या. होमासमोर नवरानवरी बसली. सप्तपदी बाकी होती. त्याआधी कानपिळीचा मान. बायकोच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, म्हणजे माझ्या बहिणीला नीट वागव याची त्याला आठवण राहील, आणि पिळल्याबद्दल कपडे घ्यायचे. जुनी रीत आहे. ज्यानं काढली त्याला पुरुषाचा विसराळूपणा माहीत असावा.

गजेंद्रला ही रीत माहीत होती. लहानपणापासून शेकडो लग्नांत पाहिली होती. पण फोटोसाठी कुठल्या बाजूनं मान वळवायची याचा विचार करताना कान पिळला जाणार आहे हे तो साफ विसरला होता. अनुरागचा हात उजव्या कानाकडे येताना पाहिला तेव्हा त्याला आठवलं. मान डावीकडे वळवून तो म्हणाला, "इकडचा, इकडचा." पोरांनी हसून त्याचं डोकं धरलं.

"अरे पीळ जोरात, अनुराग भाऊ," कुणीतरी ओरडलं. "इतक्यानं दीदीची याद राह्यते का?"

अनुरागनं पिळलं. मी त्याच्या बोटांत आणि कानाच्या कडेत सापडले. चिमटा वाकला, एक मोती तुटला आणि मी उडाले. समोरच्या सुपात, होमासाठी ठेवलेल्या लाह्यांत जाऊन पडले.

अनुराग पांढरा पडला. त्याच्या मते लहानपणी टोचलेल्या कानातून बाळी ओढली गेली होती. कान फाटला असणार. "रक्त आलं का? ताई, बघ ना, खून निकला क्या?"

श्रुतिका पुढे झाली. कपाळावर मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, आणि बोटं मात्र औषधाच्या दुकानातली. तिनं गजेंद्रचा कान धरला, वळवून पाहिला, मागून पाहिला, अंगठ्यानं कड चाचपली. कान लाल होता. दाबाच्या दोन खुणा होत्या. बाकी काही नव्हतं.

"भोकच नाही," ती म्हणाली.

हळूच म्हणाली. पण गुरुजी मंत्र थांबवून बसले होते आणि फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. मधुकररावांनी ऐकलं. कलपाचा डाग या वेळी नव्हता, पण चेहरा तसाच काळवंडला. अनुरागनं लाह्यांतून मला शोधून काढलं आणि तळहातावर धरलं. वाकलेला चिमटा वर, एक मोती गायब. पुरावा म्हणून मी इतकी उत्तम कधीच दिसले नव्हते.

"पिढीजात म्हणाला होतात ना तुम्ही," मधुकरराव म्हणाले.

श्रुतिकानं वडिलांकडे पाहिलंच नाही. ती काहीतरी जुळवत होती. मग विचारलं, "मग आबाजींच्या कानाचं काय?"

गजेंद्र मुंडावळ्या सारख्या करू लागला.

ती उठली. सप्तपदी बाकी असताना नवरी पाटावरून उठली. मांडवात कुजबुज झाली, कुणीतरी बस म्हणालं. ती पहिल्या रांगेत आबाजींसमोर जाऊन वाकली.

"आबाजी, खरंच दुखतो का कान?"

आबाजींनी या वेळी नातवाकडे पाहिलं नाही. हनुवटीखालची गाठ सुटत नव्हती, घामानं घट्ट झाली होती. अनुसयाबाईनं पुढे येऊन ती सोडली. दुपट्टा खाली आला. पांढरे केस डोक्याला चिकटलेले, नाकावर बुजलेलं भोक, आणि कानात ती. काळी, वाकडी, तारेचा तुकडा.

"नाई दुखत, बेटा," आबाजी म्हणाले. "कधीच नोयता दुखत. पण तुहे थेंब टाकले म्या. एकबी दिवस नाई चुकवला."

श्रुतिकानं तोंडावर हात ठेवला. मग ती गजेंद्रकडे वळली. "मला बाळी नसती तरी चाललं असतं. मी पाहिलीसुद्धा नव्हती. पण ह्यांचे कान का बांधलेत?"

आता बोलणं भागच होतं. गजेंद्र मान खाली घालून म्हणाला, "आबाजींची बाळी... चांगली नाही दिसत म्हणून."

एवढ्या मोठ्या मांडवात हे वाक्य किती छोटं वाटलं. आणि त्यावर, तुम्हाला सांगते, आबाजी हसले. तेच हसणं, जे पहिल्या दिवशी मला कळलं नव्हतं.

"चांगली दिसाव म्हणून घातलीच नोयती, बापा," ते म्हणाले. "माह्या आधीचे लेकरं एकबी जगले नाईत. मी झालो तं मायनं माहं नाक टोचलं, नाव नथ्थू ठेवलं. पाच घरी पदर पसरला. ज्यानं जे देल्लं, तुटका गोट, फुटकी वाटी, थे सारं मिळवून हे बाळी केली. तोंडाले काजळी फासाची. मरण आलं दाराशी तं मले पाहून म्हणाव, हे काय भद्दं ध्यान हाये, हे नाई नेत. आन् मागं फिराव." त्यांनी कानातल्या तारेला हात लावला. "फिरलं ना थे. म्हणून तं तू हायेस."

मी अनुरागच्या हातावर पडून त्या काळ्या तारेकडे पाहत होते. माझ्या अंगात जे काही सोनेरी होतं त्याची मला लाज वाटली. आमचा जन्म तिच्याच पोटी. ती एका लेकराला कुणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून झाली. मी एका पुरुषानं सगळ्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून झाले. मधल्या काळात काय झालं ते मला विचारू नका, मी बाजारातली वस्तू आहे.

गजेंद्र उठला. होमापासून चार पावलं चालून आबाजींच्या पायाशी बसला. काही बोलला नाही. माफीची भाषणं करणाऱ्यांपेक्षा ते बरं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

मधुकररावांनी श्रुतिकाकडे पाहिलं. काय करायचं ते तिनं ठरवायचं होतं, आणि हे त्यांना कळलं, यासाठी त्यांचे कलपाचे डाग माफ.

ती म्हणाली, "अनुरागनं पिळलेलं मी धरत नाही. ते माझ्यासाठी होतं. आता आबाजी पिळतील, स्वतःसाठी. मग मी पाटावर बसते."

असं कधी होत नाही, गुरुजी पुटपुटले. आता होईल, श्रुतिका म्हणाली.

आबाजींना हे पटत नव्हतं. लग्नात नातवाचा कान पिळायचा म्हणजे काय. पण पोरगी समोर उभी होती आणि तिचे थेंब त्यांनी एकही दिवस चुकवले नव्हते. त्यांनी हात पुढे केला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा कुरवाळून सोडून देईल. आबाजींनी नीट पिळला. शेतात नांगर धरलेल्या बोटांनी. गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चिमट्याचं नव्हतं.

"आता राह्यते याद," आबाजी म्हणाले.

लोक हसले, गुरुजींनी मंत्र उचलला, सात पावलं पडली. जेवताना सगळ्या मांडवात हाच विषय. फोटोवाला म्हणाला, आधीच्या फोटोंत बाळी आहे, आता नाही, जुळणार नाही, परत लावा. गजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मग मोकळ्या कानानं उभा राहिला. बाजूला आबाजी, उघड्या डोक्यानं. त्या फोटोत तो कसा दिसतो विचाराल तर सांगते. चांगला दिसतो. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

माझ्या त्या आठ-दहा बहिणी मांडवातून बाहेर पडताना हळूच खिशात गेल्या, हेही नोंदवून ठेवते.

अनुरागच्या हातून मला अनुसयाबाईनं घेतलं आणि उरलेल्या लाह्यांबरोबर पदरात बांधून लामत्याला आणलं. काही दिवस मी फडताळात पडून होते. मग म्हैस व्याली. पारडी झाली, काळीभोर, पाय लटपटणारी. त्या म्हशीची आधीची दोन पारडं जगली नव्हती. अनुसयाबाई गोठ्याच्या दारात डोळे लावून बसली. आबाजी आत आले आणि म्हणाले, "थे बाळी कुठं हाये गजूची?"

अनुसयाबाई म्हणाली, चमकते ते, उलट नजर लागेल.

"तं काळी कर."

तिनं मला दिव्यावर धरून काजळी धरवली. उरलंसुरलं सोनेरी गेलं. आबाजींनी काळ्या दोऱ्यात मला ओवलं आणि पारडीच्या गळ्यात बांधलं. मी वाकडी, एक मोती नसलेली, काजळीनं माखलेली. गजेंद्र बाजूला उभा होता. त्यानं फोन काढला, मग आपणहून परत खिशात ठेवला. श्रुतिका वाकून पारडीला पाहत होती. तिच्या ओठांवर 'किती गोड' असं काहीतरी आलं होतं. आबाजींनी हात वर केला.

ती थांबली. विचार केला. मग नाक मुरडून म्हणाली, "शी. काय ध्यान आहे."

आबाजी खूश झाले.

ती पारडी आज उड्या मारते. मी तिच्या गळ्यात लटकते, शेणाचे शिंतोडे खाते, माश्या माझ्यावर बसतात. माझ्याकडे कुणी वळून पाहत नाही आणि कुणी पाहू नये हेच आता माझं काम आहे. हे काम पुरं होईल की नाही ते अजून ठरायचं आहे. पारडी अजून लहान आहे.

तेव्हा लामत्याकडे कधी आलात, तर आमच्या गोठ्यात जरूर डोकवा. पण गॉगल काढून या. आणि पारडीच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहून, कृपा करून, छान म्हणू नका. तोंड वाकडं करा आणि म्हणा, किती भद्दी आहे ही. मनापासून म्हणा. माझी एवढीच मागणी आहे.